वाचक विचारतात : सिम्युलेटरसाठी जर्मन दुपंखी लढाऊ विमान कोणते सुचवावे?

प्रश्न : मी गेली चार वर्षे घरच्या संगणकावर विमानाचा सिम्युलेटर चालवतो. ज्या कंपनीचा सिम्युलेटर मी वापरतो, तिने पुढे कोणती विमाने तयार करावीत याविषयी वापरणाऱ्यांकडून सूचना मागवल्या आहेत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले एखादे जर्मन दुपंखी लढाऊ विमान त्यात यावे अशी माझी फार इच्छा आहे. ‘हाइन्केल ५१ घ्या, दिसायला सुंदर आहे’ एवढे मी कळवले होते, पण त्यावर काहीच उत्तर आले नाही. माझ्या मित्राचे म्हणणे असे, की आराडो ६८ हे त्याहून सरस विमान असल्यामुळे तेच सुचवायला हवे. कोणते विमान सुचवावे आणि सूचना कशी लिहावी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी नावाविषयी दोन शब्द. जर्मन पद्धतीत कारखान्याच्या नावातली दोन अक्षरे आणि पुढे क्रमांक लिहितात. हाइन्केलची ती दोन अक्षरे मराठीत जशीच्या तशी उतरवली तर ‘हे ५१’ असे होते आणि वाचणारा ‘हे’ म्हणजे कोणते, असा विचार करत राहतो. म्हणून येथे सरळ ‘हाइन्केल ५१’ असेच लिहितो.

आपल्या मित्राचे म्हणणे विमानापुरते बरोबर आहे. आराडो ६८ हे १९३४ मध्ये प्रथम उडाले. त्याच्या पहिल्या नमुन्यात हाइन्केल ५१ मध्ये असलेलेच बीएमडब्ल्यू ६ हे इंजिन होते आणि त्याची कामगिरी बेताची होती, परंतु युंकर्सचे युमो २१० हे सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) असलेले इंजिन बसवल्यावर ते विमान खुलले. एर्न्स्ट उडेट या पहिल्या महायुद्धातल्या नामांकित वैमानिकाने स्वतः आराडो घेऊन हाइन्केल ५१ शी लुटुपुटूची लढत केली आणि तीत आराडो वरचढ ठरले. युमो इंजिनांचा पुरवठा अपुरा असल्याने काही आराडो विमाने पुन्हा जुन्या बीएमडब्ल्यू इंजिनावरच बनवावी लागली, हा त्या कथेचा उपभाग आहे. आडव्या शेपटीच्या पुढे बसवलेले उभे सुकाणू ही आराडो कारखान्याची ओळखखूण मानली जाते आणि बाजूने पाहिल्यास ते विमान डौलदार दिसते, हेही मान्य करायला हवे.

तरीही आपण हाइन्केल ५१ चीच शिफारस करावी असे मला वाटते, आणि त्याचे कारण त्या विमानाचे सौंदर्य हे नव्हे. लढाऊ विमानाला सिम्युलेटरमध्ये प्रतिस्पर्धी लागतो. आराडो ६८ जर्मनीतल्या तळांवर दोन-तीन वर्षे वावरले, संचलनात उडाले, १९३९ च्या हिवाळ्यात काही काळ रात्रीच्या गस्तीला लागले, आणि स्पेनमध्ये तर युद्धाच्या शेवटाकडे अगदी मोजकी विमाने रात्रीच्या कामासाठी पोहोचली. त्याने समोरासमोर अशी लढत जवळजवळ दिलीच नाही. असे विमान बनवून दिले तर वापरणारा तळाभोवती चार घिरट्या घालील, दोन उलट्या कोलांट्या मारील आणि आठवड्याभरात दुसऱ्या विमानाकडे वळेल. हाइन्केल ५१ मात्र लढले, हरले आणि हरल्यामुळे त्याला दुसरे काम शोधावे लागले. हा सगळा प्रवास जेमतेम दीड वर्षाचा आहे. त्याची ठिकाणे, तारखा आणि समोरची विमाने आपल्याला ठाऊक आहेत.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १९१९ च्या व्हर्साय तहाने जर्मनीला लष्करी विमाने बाळगण्यास मनाई केली होती. त्या मनाईला बगल देण्यासाठी १९२५ ते १९३३ या काळात सोव्हिएत रशियातल्या लिपेत्स्क येथे जर्मन वैमानिकांचे गुप्त प्रशिक्षण चालत असे आणि तिथली लढाऊ विमाने होती डच बनावटीची, ब्रिटिश इंजिनाची फोकर डी १३! त्यानंतर आराडो ६५ आले, आणि त्याची जागा घेण्यासाठी वाल्टर व सीगफ्रीड ग्युंटर या बंधूंनी आखलेले हाइन्केल ५१ आले. १९३३ मध्ये त्याचे पहिले उड्डाण झाले आणि १९३४ च्या उन्हाळ्यापासून ते तुकड्यांकडे जाऊ लागले. जर्मन हवाईदलाचे अस्तित्व मार्च १९३५ मध्ये जगजाहीर होईपर्यंत ही विमाने नागरी नोंदणीची अक्षरे मिरवत होती. एकूण सुमारे ७०० हाइन्केल ५१ बनली.

आता विमानाकडे येऊ. वरच्या पंखाचा विस्तार, म्हणजे टोकापासून टोकापर्यंतची लांबी, ११ मीटर, खालचा पंख त्याहून आखूड, दोन्हींचे मिळून क्षेत्रफळ २७.२ चौरस मीटर. धातूचा सांगाडा आणि त्यावर ताणलेले कापड. रिकामे वजन सुमारे १,४६० किलो, भरलेले १,९०० किलो. चाके आत न जाणारी, त्यांवर अश्रूच्या थेंबासारखी आवरणे, आणि मागे चाकाऐवजी घसरपट्टी. नाकावर प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळ्या सोडणाऱ्या, ७.९२ मिलिमीटरच्या दोन एमजी १७ मशीनगन, प्रत्येकीला ५०० गोळ्या, म्हणजे घोडा सतत दाबून धरला तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास सारे संपते. समुद्रसपाटीला कमाल वेग ताशी ३३० किलोमीटर.

या सगळ्यात ज्याच्यावर सिम्युलेटर बनवणाऱ्याने सर्वाधिक कष्ट घ्यावेत अशी गोष्ट म्हणजे इंजिन. बीएमडब्ल्यू ६ हे बारा सिलिंडरांचे, पातळ द्रवाने थंड होणारे, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या मांडणीचे इंजिन. सिलिंडरचा व्यास १६० मिलिमीटर. दट्ट्याची धाव मात्र दोन्ही रांगांत सारखी नाही, एका रांगेत १९० आणि दुसरीत १९९ मिलिमीटर, कारण एका रांगेचे दांडे दुसऱ्या रांगेच्या मुख्य दांड्यांना बिजागरीसारखे जोडलेले आहेत. एकूण आकारमान ४६.९ लिटर, म्हणजे आपल्याकडच्या एक लिटर इंजिनाच्या सत्तेचाळीस छोट्या मोटारगाड्या एका नाकात! हाइन्केलमधल्या ७.३ या आवृत्तीचा आकडा दाबाचे गुणोत्तर सांगतो. उड्डाणाच्या वेळी ते ७५० अश्वशक्ती देत असे, तेही थोडाच वेळ. सुपरचार्जर नसल्यामुळे हवा विरळ होत जाईल तशी त्याची ताकद ओसरत जाते. समुद्रसपाटीला दमदार वाटणारे हे विमान पाच हजार मीटरवर धापा टाकू लागते, आणि हाच त्याचा खरा स्वभाव आहे.

या स्वभावाची परीक्षा स्पेनमध्ये झाली. जुलै १९३६ मध्ये तिथे सरकारविरुद्ध बंड होऊन यादवी सुरू झाली, जर्मनीने बंडखोरांची बाजू घेतली आणि ६ ऑगस्टला ‘उसारामो’ या जहाजातून पहिली सहा हाइन्केल ५१ काडिझ बंदरात उतरली. जर्मन वैमानिकांनी केवळ शिकवावे आणि लढावे स्पॅनिशांनी, अशी आरंभीची योजना होती. पण स्पॅनिश वैमानिकांच्या हातून उतरताना विमाने मोडू लागली आणि जर्मनांनी ती स्वतःच चालवायला घेतली. (विमान जमिनीवर टेकवणे अवघड होते, हा या प्रसंगातला आपल्या कामाचा भाग.) सरकारी बाजूकडे तेव्हा नियुपोर ५२ आणि ब्रेगे १९ यांसारखी जुनी विमाने होती, त्यामुळे सुरुवातीचे दिवस हाइन्केलला सुखाचे गेले. तरी हानेस ट्राउटलॉफ्ट या त्या पहिल्या गटातल्या वैमानिकाला ऑगस्ट संपायच्या आतच एका फ्रेंच बनावटीच्या देव्हुआतीन विमानाने खाली पाडले. तो हवाईछत्रीने उतरला आणि वाचला.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारी बाजूच्या मदतीला सोव्हिएत विमाने आली आणि चित्र पालटले. पोलिकार्पोव्ह आय-१५ हेही दुपंखीच होते, पण हाइन्केलपेक्षा जवळजवळ ५०० किलोंनी हलके आणि इंजिनाची ताकद मात्र जवळपास तेवढीच. त्यामुळे वळणे, चढणे, पळणे या तिन्हींत ते पुढे. शिवाय मशीनगन चार. पाठोपाठ आलेले आय-१६ हे एकपंखी विमान चाके पोटात घेत असे आणि ताशी ४५० किलोमीटरच्या आसपास जात असे. सर्वांत अपमानास्पद गोष्ट ही, की सोव्हिएत एसबी बॉम्बफेकी विमानाचा वेगसुद्धा ताशी ४०० किलोमीटरच्या वर होता. लढाऊ विमानाला बॉम्बफेक्याचा पाठलागच करता येत नाही, तेव्हा त्याच्या लढाऊपणाला काय अर्थ उरतो? १३ नोव्हेंबर १९३६ रोजी माद्रिदवर झालेल्या चकमकीत जर्मन तुकडीचा प्रमुख क्राफ्ट एबरहार्ट मारला गेला. त्यानंतर हाइन्केलला हवाई झुंजीतून हळूहळू बाजूला काढण्यात आले, १९३७ मध्ये मेसरश्मिट १०९ हे नवे जर्मन एकपंखी लढाऊ विमान आले, आणि हाइन्केल ५१ वर दहा-दहा किलोंचे बॉम्ब टांगून त्याला खंदकांवर झेपावण्याचे काम दिले गेले. पुढे प्रसिद्धीस आलेला आडोल्फ गालांड याच विमानांच्या तुकडीचा प्रमुख होता, आणि जमिनीवरच्या सैन्याला विमानांनी जवळून साथ कशी द्यावी याचे धडे जर्मन हवाईदलाने बऱ्याच अंशी तिथे गिरवले.

आता सूचना कशी लिहावी. आपण पाठवलेल्या ओळीला उत्तर आले नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण ‘सुंदर आहे’ हे मत आहे आणि त्यावर बनवणाऱ्याला काहीच करता येत नाही. एक विमान बनवण्यासाठी माणसांचे कित्येक महिने जातात. त्या महिन्यांचा मोबदला काय, हे आपल्या पत्रातून त्याला दिसले पाहिजे. म्हणून विमानाच्या आधी रणभूमी मांडावी : माद्रिदचा परिसर, ऑगस्ट १९३६ ते १९३७ चा वसंत. तिथे कोण कोणाविरुद्ध लढले हे लिहावे आणि हाइन्केल ५१ बरोबर आय-१५ ची जोडी मागावी, कारण ही जोडी असली तरच दोन माणसे समोरासमोर खेळू शकतील. जोडीतल्या एकाचे पारडे जड असणे हा दोष नाही. उलट हाइन्केल चालवणाऱ्याने वळणाच्या मोहात न पडता उंचीवरून एकदा झेप घेऊन निघून जाणे, सूर्य पाठीशी ठेवणे, साथीदाराला न सोडणे या गोष्टी शिकल्याशिवाय त्याचा निभाव लागणार नाही, आणि सिम्युलेटर चालवणारा माणूस हेच तर शोधत असतो.

दुसरा मुद्दा काटकसरीचा. बीएमडब्ल्यू ६ हे इंजिन एकदा नीट बनवले की तेच आराडो ६५ मध्ये, बीएमडब्ल्यू बसवलेल्या आराडो ६८ मध्ये, हाइन्केल ४५ या टेहळणी विमानात आणि ग्युंटर बंधूंच्याच हाइन्केल ७० या वेगवान टपाल विमानात वापरता येते. एमजी १७ ही मशीनगन आरंभीच्या मेसरश्मिट १०९ मध्येही होती, तेव्हा बहुतेक सिम्युलेटरांकडे ती आधीच तयार असते. खुद्द हाइन्केल ५१ च्या बॉम्ब वाहणाऱ्या आणि पाण्यावर उतरणाऱ्या तरंडी आवृत्त्या होत्या, म्हणजे एका सांगाड्यातून तीन विमाने निघतात. आपल्या मित्राचे आराडोही असे मागल्या दाराने आत येऊ शकेल, हे त्यांना जरूर सांगावे.

तिसरा मुद्दा प्रामाणिकपणाचा. हे विमान आधीच अन्यत्र कुठे आहे का, हे तपासून लिहावे. उदाहरणार्थ, ‘वॉर थंडर’ या खेळात हाइन्केल ५१ च्या काही आवृत्त्या केव्हापासून आहेत. ‘हे कुठेच नाही’ असे लिहिले तर वाचणारा पुढची ओळ वाचणार नाही. त्याऐवजी तिथे काय उणे आहे ते सांगावे : इंजिन तापण्याची चिंता, हाताळणीचा क्रम, घसरपट्टीवर उतरण्याची कसरत, उंचीवर गेल्यावर येणारी मरगळ या गोष्टी खेळात सौम्य केलेल्या असतात, आणि काटेकोर सिम्युलेटरमध्ये त्याच तर महत्त्वाच्या. पत्र एका पानाचे असावे. विमानाच्या जन्मकथेला दोन ओळी पुरेत. मी वर अर्धे पान घालवले, पण मला कोणाकडून विमान बनवून घ्यायचे नाही.

प्रश्न : माझा नातू संगणकावर युद्धातली विमाने उडवतो आणि बरेचदा जर्मन बाजूने खेळतो. गेर्निका या गावावरच्या हल्ल्याविषयी मी शाळेत शिकवले आहे. त्या हल्ल्यात भाग घेतलेले विमान मुलांच्या हाती खेळणे म्हणून द्यावे, असे आपल्याला वाटते का?
— एक निवृत्त शिक्षिका, ठाणे

उत्तर : आपण म्हणता ते खरे आहे. २६ एप्रिल १९३७ रोजी, बाजाराच्या दिवशी, बास्क प्रांतातल्या गेर्निकावर जर्मन आणि इटालियन विमानांनी हल्ला केला. युंकर्स ५२ सारख्या विमानांनी बॉम्ब टाकले आणि हाइन्केल ५१ विमानांनी खाली येऊन रस्त्यांवरून पळणाऱ्या लोकांवर मशीनगन चालवल्या. मागच्या उत्तरात मी ‘खंदकांवर झेपावण्याचे काम’ असे लिहिले. ते काम खंदकांपुरते राहिले नाही, हे तिथेच लिहायला हवे होते.

विमान सिम्युलेटरमध्ये नसावे असे मला वाटत नाही. ज्या यंत्राने माणसे मारली ते यंत्र कसे चालत होते, हे समजून घेण्यात गैर काही नाही आणि वस्तुसंग्रहालयेही तेच करतात. मात्र विमान देणे आणि प्रसंग देणे यांत फरक आहे. सिम्युलेटरमध्ये प्रत्येक उड्डाणाला एक हेतू ठरवून दिलेला असतो आणि तो साधला की गुण मिळतात. माद्रिदवर आय-१५ शी झुंजण्याचे गुण मिळावेत, गेर्निकाच्या रस्त्यावर गोळ्या झाडण्याचे मिळू नयेत, एवढी रेषा बनवणाऱ्याने आखावी आणि सूचना करणाऱ्यानेही आपल्या पत्रात ती आखावी. त्याच वेळी विमानाच्या माहितीपानावर गेर्निकाचा उल्लेख टाळला जात असेल तर तेही मला पटणार नाही. ‘१९३७ नंतर जमिनीवरील हल्ल्यांसाठी वापर’ अशा गुळगुळीत वाक्याखाली ते गाव दडपले जाते.

नातवाविषयी माझे मत विचारले नसतानाही सांगतो : त्याला एखाद्या दिवशी दुसऱ्या बाजूचे, म्हणजे आय-१५ चे विमान चालवायला सांगा. त्या विमानाला स्पेनमध्ये ‘चातो’, म्हणजे नकटे, असे लाडाने म्हणत. हे विमान मुलांना बहुधा आवडते, आणि ते कोणासाठी व कशासाठी उडत होते हा विषय मग आपोआप निघतो.

प्रश्न : जुन्या छायाचित्रांत हाइन्केल ५१ च्या शेपटीवर हुकक्रॉस, म्हणजे नाझींचे स्वस्तिकासारखे चिन्ह, दिसतो. काही सिम्युलेटरांत तो नसतो, तर काहींत असतो. असे का? आणि सूचना पाठवताना कोणती रंगसंगती सुचवावी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : जर्मनीच्या दंडसंहितेतल्या कलम ८६ अ प्रमाणे बंदी घातलेल्या संघटनांची चिन्हे सार्वजनिकरीत्या दाखवणे गुन्हा आहे. कलाकृती, संशोधन, शिक्षण यांना त्यात सवलत आहे, पण संगणकीय खेळांना ती मिळते की नाही याबद्दल बराच काळ संदिग्धता होती. २०१८ पासून तिथली वयोगट ठरवणारी संस्था प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे तपासून निर्णय देते. अनेक कंपन्या ही कटकट नको म्हणून शेपूट कोरीच ठेवतात. आपल्या उंबरठ्यावर रांगोळीने काढलेले स्वस्तिक आणि ते चिन्ह यांची गल्लत करण्याचे कारण नाही. पण परदेशातल्या कंपनीला लिहिताना ‘आमच्याकडे हे शुभ मानतात’ असा युक्तिवाद कृपया करू नये. त्याने आपल्या परंपरेचे काही भले होत नाही आणि सूचनेचे तर मुळीच नाही.

सुदैवाने हाइन्केल ५१ पुरता हा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच आहे. स्पेनमधल्या विमानांवर ते चिन्ह नव्हतेच. धडावर काळे वर्तुळ आणि पांढऱ्या सुकाणूवर काळी फुली, अशी त्यांची खूण होती. धडावरच्या क्रमांकात पहिला आकडा २ हा विमानाचा प्रकार दाखवी आणि वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूचा आकडा त्या विमानाचा स्वतःचा. म्हणून स्पेनचीच रंगसंगती मागावी. जर्मनीतली हवी असेल तर तुकड्यांप्रमाणे इंजिनाच्या आवरणाचे रंग वेगळे होते : ‘रिख्तहोफेन’ तुकडीचा लाल हा त्यातला सर्वांत ठसठशीत. तेथे १९३५ पर्यंत शेपटीच्या एका बाजूला ते चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला काळ्या-पांढऱ्या-लाल पट्ट्या असत, त्यामुळे उजवीकडून काढलेल्या छायाचित्रात ते दिसत नाही आणि काहींना ते नंतर पुसले असावे अशी शंका येते. गालांडच्या तुकडीच्या विमानांवर मिकी माउसचे चित्र होते, हे ऐकून आपल्याला मौज वाटेल. मात्र ते मागायच्या आधी कंपनीच्या वकिलाची आठवण ठेवावी.

प्रश्न : कंपनीची वाट पाहण्यापेक्षा मी ‘फ्लाइटगिअर’ या मोफत सिम्युलेटरसाठी हाइन्केल ५१ स्वतःच बनवायचे ठरवले आहे. त्रिमितीय आकार जमला आहे, पण ते उडवताना एखाद्या आधुनिक प्रशिक्षण विमानासारखे वाटते. काय चुकत असावे?
— अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : आपण कंपनीची वाट न पाहता कामाला लागलात हे मला फार आवडले. चूक बहुधा तीन जागांपैकी एका जागी असते, आणि त्यातली पहिली म्हणजे पंख. फ्लाइटगिअरमध्ये वापरल्या जाणाऱ्या जेएसबीसिम या गणितात विमानाचे उत्थापन (वर उचलणारे बल) आणि रोध (हवेचा अडथळा) हे गुणांकांच्या कोष्टकांतून येतात. आपण २७.२ चौरस मीटर हे क्षेत्रफळ आणि ११ मीटर हा विस्तार टाकून एका पंखाचे कोष्टक वापरले असेल, तर विमान प्रत्यक्षासारखे उडणार नाही. दोन पंख एकमेकांच्या हवेत ढवळाढवळ करतात. वरच्या पंखाखालचा दाब आणि खालच्या पंखावरचा दाब हे शेजारी शेजारी आल्यामुळे पंख एकेकटे असते त्या मानाने दोघांचीही कार्यक्षमता घटते, आणि उत्थापनाच्या पोटी येणारा रोध वाढतो. या परिणामाचे गणित ग्योटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल आणि त्यांचे शिष्य माक्स मुंक यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच मांडले होते. त्यावरून परिणामकारक विस्ताराचा एक सुधारित आकडा काढता येतो आणि तोच कोष्टकाला द्यावा. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये काम केलेत तर तिथे पंखांचे तुकडे पाडून प्रत्येकावरचे बल वेगवेगळे काढले जाते, त्यामुळे दोन पंख दोन म्हणूनच भरता येतात. पण पंखांमधले खांब, ताणतारा आणि चाकांची आवरणे यांचा रोध तिथेही आपल्यालाच आठवणीने घालावा लागतो, आणि या वर्गातल्या विमानांत तो किरकोळ नसतो.

दुसरी जागा प्रोपेलर. हाइन्केल ५१ चा प्रोपेलर लाकडी, दोन पात्यांचा आणि पात्यांचा कोन न बदलणारा होता. तयार नमुन्यावरून काम सुरू केले असेल तर त्यात वेग स्थिर राखणारा आधुनिक प्रोपेलर राहून गेलेला असू शकतो. तो काढल्याबरोबर विमानाचा सारा नूर बदलेल. उड्डाणाच्या धावेत इंजिन पुरते फेरे घेणार नाही, आणि झेप घेताना फेरे इतके चढतील की आपला हात आपोआप थ्रॉटलकडे जाईल.

तिसरी जागा इंजिन, आणि इथे तपासणी अगदी सोपी आहे. शांत हवेत, पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीला विमान सरळ उडवून कमाल वेग टिपून घ्यावा. तो ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास यायला हवा. मग पाच हजार मीटरवर जावे. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असते आणि सुपरचार्जर नसलेल्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात, किंबहुना किंचित अधिकच, घटते. वाऱ्याचा काटा दाखवतो तो वेग न घेता प्रत्यक्ष वेग मोजावा. तो खाली मिळालेल्या वेगापेक्षा कमी भरला तर आपले गणित ताळ्यावर आहे. तो जास्त भरला, तर इंजिनाच्या धारिकेत (फाइलमध्ये) बूस्टची, म्हणजे सुपरचार्जरच्या वाढीव दाबाची, एखादी ओळ जुन्या नमुन्यातून तशीच राहिली आहे. ती शोधून काढावी, आणि मग चढण्याच्या वेगाकडे वळावे.